दुःखाचा अर्थ आणि कपाटातील गोळी

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. तोंडाच्या कर्करोगाने जर्जर झालेले आजोबा खाटेवर तळमळत होते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात होत्या; परंतु त्या कपाटात, कुलपाआड. "फादर, त्याची सवय लागते म्हणतात. आणि देवाने दिलेला क्रूस आहे, सोसायलाच हवा," असे घरातील मंडळी म्हणाली. मी त्यांना अडवले नाही. उलट आजोबांच्या कानाशी वाकून, 'आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडून अर्पण करा' असा नेहमीचा उपदेश केला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

आज 'लिव्हिंग विल' अर्थात वैद्यकीय इच्छापत्राविषयी भाविक प्रश्न विचारू लागले आहेत, तेव्हा ती फिरवलेली पाठ मला आठवते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट कार्यपद्धती बरीच सुलभ केली. हे इच्छापत्र म्हणजे मागच्या दाराने आलेली दयामृत्यूची परवानगी आहे काय, अशी शंका अनेकांच्या मनात आहे.

दयामृत्यू चर्चला मान्य नाही, हे सर्वज्ञात आहे. मात्र मरण लांबवण्यासाठी प्रत्येक यंत्र वापरलेच पाहिजे, असेही चर्चने कधी शिकवलेले नाही, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की सर्वसाधारण उपचार घेणे हे कर्तव्य आहे. रुग्णावर वा कुटुंबावर असह्य भार टाकणारे असाधारण उपचार बंधनकारक नाहीत. आपला कायदा आणि आपली शिकवण सर्वत्र समांतर जातात असे नव्हे. नळीद्वारे दिले जाणारे अन्न व पाणी यांबाबत चर्चची भूमिका अधिक सावध आहे. म्हणून इच्छापत्र करणाऱ्याने त्यातील मजकूर नीट समजून घ्यावा.

परंतु ही सारी चर्चा अतिदक्षता विभागातील यंत्रांभोवती फिरते. आपल्यातील कितीतरी आजारी त्या विभागापासून दूर, घरच्या खाटेवर, वेदनेत मरतात. तेथे पहिला प्रश्न यंत्राचा नसतो, दुःखाचा असतो.

दुःखाचे करायचे काय, या प्रश्नाला तत्त्वज्ञांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ग्रीक विचारवंत एपिक्युरस याने असा दिलासा दिला होता, की तीव्र वेदना फार काळ टिकत नाही. आधुनिक वैद्यकाने त्याला खोटे ठरवले. जे दुखणे पूर्वी आठवड्यात संपे, ते आता महिनोन्महिने चालते. स्टोइक पंथाचा, स्वतः पायाने अधू असलेला एपिक्टेटस सांगे, की माणसाला घटना नव्हे, तर घटनेविषयीचे त्याचे मत छळते. बौद्ध परंपरेतील दोन बाणांचा दृष्टांत याच्या जवळचा आहे: पहिला बाण देहाला लागतो, दुसरा मनाला, आणि ज्ञानी माणूस हा दुसरा बाण टाळतो. ही शिकवण थोर आहे. पण ती स्वतःने स्वतःला द्यायची आहे. पहिला बाण काढण्याचे साधन हाताशी असताना ते बाजूला ठेवून दुसऱ्या बाणावर प्रवचन देणे, हा वेगळाच प्रकार झाला. मी त्या घरात तेच केले होते.

ज्यू तत्त्वचिंतक इमॅन्युएल लेव्हिनास याचे बहुतेक कुटुंब नाझींनी मारले. त्याने १९८२ च्या एका निबंधात याच जागी बोट ठेवले. माझ्या दुःखाला मी अर्थ देऊ शकतो. शेजाऱ्याच्या वेदनेचे समर्थन मात्र मी करू लागलो, की अनीतीचा उगम तेथेच होतो, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी अमेरिकन डॉक्टर एरिक कॅसेल यांनी वैद्यकांना बजावले, की वेदना देहाला होते, दुःख मात्र व्यक्तीला होते. म्हणून ते किती आहे हे रुग्णालाच विचारावे लागते.

यात आपल्याला अपरिचित असे काही नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर मूक बसले, तोवर त्यांची सेवा निर्दोष होती. नंतर ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि अखेरीस परमेश्वराचा कोप त्यांच्यावरच झाला! पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी 'साल्विफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातही ईयोब आहे, आणि अखेरच्या भागात दयाळू शोमरोनी आहे. हा शोमरोनी जखमी माणसाला दुःखाचे मोल समजावत बसत नाही. तो तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमा बांधतो, खर्च उचलतो.

त्या तेलाच्या जागी आज मॉर्फिन आहे, असे मी म्हणालो तर काहींना धक्का बसेल. पण पायस बारावे यांनी १९५७ सालीच वेदनाशमनाला मोकळीक दिली होती. अन्य उपाय नसेल आणि हेतू केवळ वेदना शमवण्याचा असेल, तर औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी ते निषिद्ध नाही, हीच शिकवण आजच्या धर्मशिक्षणग्रंथातही आहे. शिवाय वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू ओढवत नाही, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी असे घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती फार अल्प असते.

अडचण आपल्या मनात आहे, तशी कायद्यातही होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनसाठी इतके परवाने मागितले, की असंख्य रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट सोपी केली खरी. तरी अनेक ठिकाणी मॉर्फिन आजही सहज मिळत नाही. वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. मुंबईपासून इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना त्याची माहिती नसावी, याचा दोष आम्हा धर्मगुरूंकडेही जातो. व्यासपीठावरून आम्ही क्रूसाविषयी पुष्कळ बोललो, गोळीविषयी क्वचितच.

त्या घरी मी पुन्हा गेलो तो एका परिचारिका धर्मभगिनीला सोबत घेऊन. त्यांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून दर चार तासांनी द्यावयाची मात्रा सुनेला समजावली आणि वहीत वेळा लिहून दिल्या. कुलूप निघाले. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा आजोबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी वाडीतल्या केळींची चौकशी केली, मग मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "फादर, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता? आता सांगा. आता ऐकू येतं."