धुराडी, ढग आणि मराठवाड्याचा पाऊस

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून लोखंडी सळ्या करणाऱ्या भट्ट्यांचा धूर डोळ्यांना व छातीला काय करतो, हे तेथील रहिवाशांना निराळे सांगावयास नको. पण हवेतील असे कण पावसाचेही गणित बदलतात काय?

या दृष्टीने 2019 हे वर्ष उद्बोधक आहे. त्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. धूलिकणांची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचेही नाव होते. त्याच वर्षी राज्य सरकारने कृत्रिम पावसासाठी 30 कोटी रुपये मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमाने ढगांत कण फवारू लागली. म्हणजे एका सरकारने कण कमी करावयाचे आणि दुसऱ्याने ते विमानातून नेऊन टाकावयाचे!

यातील विसंगती वरकरणी आहे. बाष्पाचा थेंब होण्यास कणाचा आधार लागतोच. प्रश्न आकाराचा व संख्येचा आहे. पावसाच्या एका थेंबासाठी ढगातील सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात. धुरातील असंख्य बारीक कणांत तेवढेच बाष्प विभागले गेले की थेंब लहान राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि उथळ ढग न बरसताच निघून जातो. तुटपुंजा निधी शंभर योजनांत वाटला की एकही तडीस जात नाही, तशातलाच हा प्रकार. उंच वाढणाऱ्या ढगांत मात्र हेच कण पुढे पाऊस वाढवूही शकतात. म्हणून सरसकट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

1999 मध्ये हिंदी महासागरावरील आंतरराष्ट्रीय मोहिमेने दाखविलेला परिणाम याहून व्यापक आहे. उपखंडावरून समुद्रापर्यंत पसरणारे धुरकट आवरण सूर्यप्रकाश अडविते. जमीन कमी तापते आणि ज्या तापमानभेदावर मोसमी वारे चालतात तोच क्षीण होतो. या आवरणात चुली, वीजकेंद्रे, मोटारी, पेटविलेले पाचट या साऱ्यांचा वाटा आहे. तेव्हा पाऊस लांबल्याचा ठपका एकट्या जालन्यावर ठेवता येणार नाही. पण त्यामुळे जालन्याचा वाटा शून्यही होत नाही. शिवाय असे कण हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतात. कार्बन डायऑक्साइडप्रमाणे शतकानुशतके वाट पाहावी लागत नाही.

अडचण निराळीच आहे. विमानांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. भट्टीचा धूर गाळणारी यंत्रणा बसविण्याचा व चालविण्याचा खर्च कारखानदाराच्या अंगावर पडतो. जो तो चुकवितो त्याची सळी बाजारात स्वस्त पडते, आणि नियम पाळणाऱ्यालाच तोटा सोसावा लागतो. तपासणी सर्व भट्ट्यांची, एकाच वेळी आणि रात्रीच्या पाळीतही झाली, तरच हा हिशेब उलटू शकेल.