तिरप्या अक्षराचे काम काय?

गेल्या सत्रात आमच्या चौथीच्या वर्गात एक छोटीशी गोष्ट घडली. सरावपत्रिकेवर 'दे' हा शब्द होता आणि शेजारी रोमन लिपीत त्याचा उच्चार दोन अक्षरांत दिला होता. एका चुणचुणीत मुलीने तो मोठ्याने वाचला, "द". फ्रेंचमध्ये त्या दोन अक्षरांचा उच्चार तोच होतो, आणि अर्थ होतो 'चा, ची, चे'. मुलगी चुकली नव्हती. पत्रिका आम्हीच केली होती, आणि मराठी उच्चार व फ्रेंच अर्थ आम्ही एकाच उभ्या टाइपात छापला होता. कोणते अक्षर कोणत्या भाषेचे, हे तिला कळावे कसे? 'ते' आणि 'ने' यांचेही असेच होते.

वाचकहो, घरी क्रियोल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि त्यानंतर मराठी, अशा वाटेने आपले मूल येते. त्याच्यासाठी टाइपाचा प्रश्न शोभेचा नाही. रोमन लिपीतला मराठी उच्चार तिरप्या अक्षरात छापावा, हे आमचे पहिले म्हणणे.

पण कोणत्या तिरप्या अक्षरात? येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. तिरपा टाइप, म्हणजे इटालिक, हा उभ्या अक्षराला धक्का देऊन झालेला नव्हे. व्हेनिसच्या आल्डुस मानुतिउस या मुद्रकाने १५०१ मध्ये त्यात व्हर्जिलची काव्ये छापली. त्याचे ठसे फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरले होते. नमुना होता तो सुशिक्षितांच्या धावत्या हस्ताक्षराचा. पुढे पुस्तकातील वेगळा शब्द, परका शब्द दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले.

जाड चौकोनी पायांचा टाइप, ज्याला स्लॅब सेरिफ म्हणतात, तो याच्या अगदी उलट स्वभावाचा. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने तो १८१५ च्या सुमारास आणला, आणि त्याचा उपयोग झाला जाहिरातींच्या भिंतीपत्रकांत. टंकलेखन यंत्रानेही हेच पाय उचलले. कारण तेथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, आणि एरवी काडीसारखे दिसणारे अक्षर रुंद पायांमुळे ती जागा भरून काढते. त्या यंत्रांवर बहुधा तिरपे अक्षर नसे. शब्दाखाली रेघ मारली की छापखान्याने तो तिरपा जुळवायचा, असा संकेत होता.

आता या दोघांची गाठ घालायची तर अडचण उघड आहे. धावत्या हाताला जड पाय ठेवायला वेळ नसतो. म्हणून कित्येक टाइपांत पळवाट काढलेली दिसते. मोनोटाइपच्या १९३४ च्या रॉकवेलचे तिरपे रूप पाहा, ते उभे अक्षरच कललेले आहे. उलट पेटर माथियास नोर्ड्झाय या डच रचनाकाराच्या १९९० च्या सिसिलियामध्ये तिरपी अक्षरे अरुंद आहेत, हस्ताक्षराच्या वळणाची आहेत आणि तरी पाय शाबूत आहेत. किंडल या वाचनयंत्राने सुरुवातीच्या काळात हाच टाइप वापरला. त्या खरबरीत पडद्यावर नाजूक रेषा टिकल्या नसत्या.

आमच्या शाळांतील झेरॉक्सचेही तेच आहे. प्रतीची प्रत काढली की बारीक रेषा उडते. नाजूक तिरप्या अक्षरांचे सांधे तुटतात आणि मूल एकाचे दुसरे वाचते. जाड पायांचे अक्षर, ज्याची रेषा सर्वत्र जवळजवळ सारखी असते, ते तिसऱ्या प्रतीतही उभे राहते. म्हणून सरावपत्रिकेसाठी आम्हांला असा टाइप हवा, ज्याचे तिरपे रूप वेगळे रेखलेले आहे. शिक्षकांनी चाळीस प्रती काढण्यापूर्वी एक प्रत काढून तिचीच पुन्हा प्रत काढावी आणि ती मुलाकडून वाचून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे म्हणणे अधिक आग्रहाने मांडतो. संगणकावर एक कळ दाबली की मराठी अक्षरेही तिरपी होतात, आणि आमचे काही सहकारी ती हौसेने करतात. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखाली काने, वेलांट्या कलंडतात. एका मुलाने अशी ओळ उतरवून काढताना कागदच फिरवून घेतला, म्हणजे काने सरळ झाले आणि शिरोरेषा डोंगर चढू लागली! हसू आले, पण त्याला कित्ता आम्हीच दिला होता.

बाळबोधाला धावते रूप नव्हते असे नाही. भरभर लिहिण्यासाठी आपल्या पूर्वजांकडे मोडी होती, लेखणी कमीत कमी उचलून लिहिण्याची. बाळबोध सावकाश, उभे लिहायचे, आणि घाईचे काम मोडीवर सोपवायचे, अशी वाटणी होती. कल देऊन बाळबोध धावत नाही, नुसते लडबडते. मराठी शब्दावर जोर द्यायचा असेल तर ठळक टाइप आहे, अवतरणचिन्हे आहेत.

पुढच्या सत्राच्या पत्रिका आम्ही याच रीतीने करणार आहोत. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुना कित्ता किंवा मोडीतला कागद असेल, तर एक दिवसासाठी वर्गात दाखवायला द्यावा. जपून परत करू.