न पुसणारी वही

मुलांनो, वर्गात शिरल्याबरोबर फळ्याच्या कोपऱ्यात काय दिसतं? वार, तारीख, पट, हजर, गैरहजर. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरला की कालचा आकडा गेला!

आता ऑफिसच्या कपाटातली ती जाडजूड वही आठवा. जनरल रजिस्टर! तुम्ही पहिलीत आलात तेव्हा तिच्यात तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात लिहून नंबर पडला. शाळा सोडली तरी ती ओळ खोडत नाहीत बरं का. सोडल्याची तारीख आणि कारण तेवढं पुढे चढतं.

दुकानाच्या संगणकात साखरेची आजची शिल्लक असते, ती फळ्यासारखी. पाच वर्षांत दर दिवाळीला साखर किती खपली, हे तिला विचारून काय उपयोग? त्यासाठी मोठ्या संस्था माहितीचं वेगळं कोठार ठेवतात. त्याला म्हणतात डेटा वेअरहाऊस. अमेरिकेतल्या बिल इनमन यांनी १९९२ सालच्या पुस्तकात त्याची जी लक्षणं सांगितली, त्यात एक आहे 'नॉन-व्होलटाइल'. म्हणजे आत आलेली नोंद बदलायची नाही, पुसायची नाही; वाचायची आणि नवी पुढे जोडायची. (वीज गेली तरी पेन ड्राइव्हमधलं टिकतं, त्यालाही हाच शब्द वापरतात, पण ती गोष्ट वेगळी.)

याची किंमत आपल्या आंदर मावळातल्या ठाकर, महादेव कोळी घरांना विचारा. जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने पुरावे लागतात, आणि १९५० च्या आधीचा कागद असला तर त्याला फार वजन. पणजोबा दोन इयत्ता शिकून गुरांमागे गेले असतील. पण रजिस्टरातली त्यांची एक ओळ पणतीच्या कॉलेज प्रवेशाला कामी येते. 'आता कशाला हवी' म्हणून ती कुणी खोडली असती तर?

कोठार भरायचं काम मात्र किचकट. एका वहीत 'टाकवे बु.', दुसरीत 'टाकवे बुद्रुक'. आपल्याला कळतं, संगणकाला ती दोन गावं वाटतात! म्हणून आधी सगळं एकसारखं करून घेतात. उफणल्याशिवाय भात कणगीत घालतो का आपण?

खांडीपासून टाकव्यापर्यंतच्या सगळ्या शाळांच्या वह्या अशा एकत्र आल्या तर विचारता येईल, की इथल्या मुली चौथीनंतर पुढे शिकू लागल्या त्या कोणत्या वर्षापासून? एकट्या वहीला हे सांगता येत नाही. चौथीनंतर मुलगी दुसऱ्या शाळेत गेली, की तिची पुढची ओळ त्या शाळेत असते.

घरी आजीचा शाळेचा दाखला असेल तर काढायला सांगा. वरच्या बाजूला रजिस्टर नंबर सापडतो का बघा.