सेवेचे तास कोणाच्या पदरचे?

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' या अर्थाचे तिचे ब्रीद आहे. योजनेच्या थोरवीविषयी आम्हांला शंका नाही. परंतु या ब्रीदातला 'मी' कोण आणि 'तुम्ही' कोण, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

योजनेचे दार सर्वांना खुले आहे, असे सांगितले जाते. मात्र उंबरठ्यावर वर्षाला १२० तास मोजावे लागतात. शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. ज्याच्या घरची चूल वडिलांच्या पगारावर पेटते, त्याच्यापाशी हे तास मोकळे असतात. पहाटे वर्तमानपत्रे टाकून आणि सायंकाळी दुकानात उभे राहून जो शिकतो, त्याला प्रत्येक तास स्वतःच्या मजुरीतून द्यावा लागतो. सलग सात दिवस रजा मागितली, तर कामच जायचे! धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून महाविद्यालयात येणाऱ्या मुलीने कोणाकडे रजा मागावी?

परिणामी, सेवा करणारे एका थरातले आणि सेवा घेणारे दुसऱ्या थरातले, अशी वाटणी होते. वस्तीत पाणी किती वाजता येते, माणसे कामावरून केव्हा परततात, हे त्या वस्तीतल्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याला न विचारता पाहणीची वेळ ठरते. स्वयंसेवक दुपारी जातात आणि कुलपे पाहून परततात. ज्याचे ज्ञान सर्वांत उपयोगी, त्याचे नाव मात्र लाभार्थ्यांच्या यादीत!

यावर उपाय आहे. शिबिराचे दिवस रविवारांत विभागावेत. गरजू स्वयंसेवकाच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई व्हावी. कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीत कमावत्या विद्यार्थ्यांना हक्काची जागा असावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. ज्या महाराष्ट्रात 'कमवा व शिका' रुजले, तेथे 'कमवा आणि सेवाही करा' एवढे अवघड का वाटावे?

पैसे घेतल्याने सेवेचे पावित्र्य जाते, असा आक्षेप येईल. आम्ही विचारतो, सुखवस्तू घरातल्या मुलाचे १२० तास कोण पोसते? त्याचे वडीलच ना? मग एकाची सेवा घरच्या पैशावर पवित्र राहते आणि दुसऱ्याची संस्थेच्या पैशावर बाटते, हा न्याय कोणता? गरिबाला देण्याचा अधिकार नाकारणे, ही त्याची सर्वांत मोठी वंचना होय. हा अधिकार आपल्या महाविद्यालयांकडे आपण पालकांनीच मागितला पाहिजे.