जिंकू तर सगळेच!

पत्ते म्हटले की एक जिंकणार, बाकीचे हिरमुसणार. पण २०१९ साली अमेरिकेत निघालेल्या 'मार्व्हल चॅम्पियन्स'मध्ये एक ते चार जण मिळून एकाच खलनायकाशी लढतात. स्पायडरमॅन घ्या की आणखी कोणी, प्रत्येकाचा कॅट ४० ते ५० पानांचा. १५ पाने नायकाची ठरलेली, बाकीची बहुतेक आपण निवडायची. सगळ्यांनीच मारामारीची पाने भरली, तर खलनायकाला चोप बसतो, पण त्याचे कारस्थान तडीस जाते आणि सगळेच हरतात. म्हणून एकाने लढावे, दुसऱ्याने कारस्थान रोखावे. एक पान खेळायला बहुधा हातातली दुसरी टाकावी लागतात. कोणती टाकायची, ते मुलांनाच ठरवू द्या. मोठ्यांनीच सगळ्यांची पाने चालवली, तर डाव जिंकूनही मुले हिरमुसलेलीच राहतील!