गाइड बदलला, पण सीटचे काय?

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात बाहेर पडलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्याकडे उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ मालिकेतली असल्यामुळे, ज्या मिस्त्र्याने उमेदीत अ‍ॅम्बॅसेडरची हेडे उतरवली त्याला एमजीबीचे हेड परके वाटण्याचे कारण नाही. असे असूनही हौशी मालक आणि गॅरेजवाले यांच्यात जी एक वहिवाट पडली आहे, तिला माझी हरकत आहे. ‘व्हॉल्व्ह गाइड बदलले’ एवढी नोंद बिलावर आली की काम रीतसर झाले, असे उभयपक्षी मानले जाते.

गाइड म्हणजे हेडमध्ये घट्ट बसवलेली लहानशी नळी. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असता तिच्यातून व्हॉल्व्हचा दांडा २००० वेळा खालीवर होतो, आणि वरून रॉकर त्याला किंचित आडवाही रेटत असल्याने नळीची तोंडे कालांतराने फाकतात. मग लांबलचक घाट थ्रॉटल मिटून, इंजिनाच्या रोधावर उतरताना, इनलेटच्या पोकळीमुळे वरचे ऑइल दांड्यालगत आत ओढले जाते, आणि पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागे निळा धूर निघतो. तो पाहून पुष्कळजण तडक रिंगा बदलण्याची तजवीज करतात. पैसे जातात, धूर राहतो.

वस्तुतः गाइड काढणे-घालणे हा या कामातला सोपा भाग होय. पायरीदार ड्रिफ्टने जुना निघतो. बिडाच्या हेडात नवा थंडच दाबता येतो, अ‍ॅल्युमिनियमचे हेड तेवढे आधी तापवावे लागते. दाबताना मात्र नव्या गाइडचे छिद्र जरासे आवळते, म्हणून रीमर फिरवून दांड्याला मोजकी मोकळीक द्यावी लागते, आणि ती मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असली तरी एक्झॉस्टचा दांडा अधिक तापून फुगत असल्याने त्या बाजूस थोडी जास्त ठेवणे प्राप्त असते. ती कमी पडली तर दांडा अडकतो. वाजवीपेक्षा अधिक झाली तर धूर पूर्ववत.

याहून महत्त्वाची गोष्ट सीटची, म्हणजे मिटलेला व्हॉल्व्ह हेडात जिथे टेकतो त्या कडेची. नवा गाइड जुन्याच्या अक्षावर तंतोतंत बसेल ही अपेक्षाच फोल असल्याने सीट नव्याने कापावी लागते, आणि कापणाऱ्या हत्याराचा पायलट गाइडमध्येच शिरत असल्याने गाइड आधी व सीट मागाहून, हा क्रम कोणाच्याही सोयीखातर बदलत नाही. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता मिटलेला असताना सीटमार्गेच हेडाला देतो. तो एका अंगाने उचललेला राहिला की एक्झॉस्टची कड जळू लागते. पेस्ट लावून तासन्‌तास घासण्याचा जो सोहळा काही गॅरेजांत चालतो, त्याने असा तिरपेपणा निघत नाही. सगळीकडून सारख्या रुंदीचा, अखंड करडा पट्टा उमटला, आणि हेड उलटे ठेवून खळग्यात ओतलेले रॉकेल पोर्टात झिरपले नाही, तरच सीट बसली म्हणावे.

जुन्या गाइडचे छिद्र वाढवून आत ब्राँझचे पातळ अस्तर बसवण्याची जी स्वस्त रीत आहे, ती मी त्याज्य मानत नाही. हेडाच्या बिडातच गाइड कोरलेला असेल तेथे ती उपयोगीच ठरते. पण मापाची खातरजमा तिलाही चुकलेली नाही. म्हणून एमजीबीच्या आठही गाइडांची मोकळीक आणि सीट कापल्याचा स्वतंत्र तपशील बिलात असावा, असा आग्रह मालकाने धरावा. आणि हा तपशील देणाऱ्या मिस्त्र्याने मोजमापाची मजुरी निराळी लावली, तर ‘फक्त मोजलेच ना?’ असा वाद न घालता ती पुरती चुकती करावी. या कामाची किंमत सुट्या भागाच्या किमतीवरून ठरवण्याची खोड मालकांनीच गॅरेजांना लावली आहे.