येझदी नटवताना

मुलांनो, 'येझदी' मोटरसायकल पाहिलीय? या गाडीची एक गंमत आहे. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला, की त्याची किक होते! तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. पण हौशी मंडळी अजूनही अंगणात गंजत पडलेली येझदी विकत घेतात, खोलतात, गंज खरवडतात, नवा रंग देतात आणि विकतात.

आता हिशेब करा. समजा, गाडी ३० हजारांना घेतली. सुटे भाग आणि रंग मिळून १८ हजार. विकली ५५ हजारांना. नफा ७ हजार! शाब्बास. पण त्यात खर्ची पडलेले रविवार कुठे मांडले? म्हणून हा आधी छंद, मग धंदा.

गाडीत मनाला येईल तो बदल मात्र करता येत नाही, बरं का! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. इंजिन बदललं, तर आरटीओत नोंद हवी. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून मालकाचं नावही बदलायचं.

आणि मुख्य गोष्ट. नव्या रंगाखाली चासीचा तडा सहज झाकता येतो. पण उद्या त्या गाडीवर कुणाचे तरी बाबा बसणार असतात. म्हणून काय बदललं, काय जुनंच ठेवलं, ते घेणाऱ्याला सांगून टाकावं. हजार रुपये कमी आले तरी चालतील.

येत्या रविवारी मोठ्यांना बरोबर घेऊन सायकलचं एक चाक खोला. प्रत्येक नट वहीत लिहा. परत बसवल्यावर एकही उरता कामा नये!